पेंढ्याचं वजन

१

इलारियोकाकांना सकाळची पेज भरवायची म्हणजे पाऊण तासाचं काम. मक्याची पातळ पेज, वर दालचिनीची चिमूट. अर्धा चमचा आत, त्यातला अर्धा पुन्हा हनुवटीवर. पुसायचं, पुन्हा भरवायचं. वेवाला ह्याचा कंटाळा नव्हता. अर्धांगवायूच्या झटक्यानं काकांचं उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेली त्याला दोन वर्षं झाली होती. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचं दुसरं कोण करणार होतं? वेवा आठ वर्षांची असताना बाप सोडून गेला, तेव्हा ह्याच माणसानं तिच्या पायात चपला घातल्या, तिला शाळेत धाडलं आणि पुढे तिच्या आईशी लग्नही केलं. तो बाप झाला, तरी वेवाच्या तोंडातला ‘काका’ काही गेला नाही.

"काका, आज पिक्चर आहे बरं का," वेवा म्हणाली. "चार वाजता. पांढरा सदरा काढून ठेवलाय तुमचा. टाळ्या घ्यायच्यात ना दरवर्षीसारख्या?"

काकांचा डावा डोळा हलला. हसण्याची तेवढीच खूण उरली होती.

तेवढ्यात बाहेर रहाट कुरकुरला.

कुर्र. मग शांतता. मग पुन्हा कुर्र, जरा लांबलेला. भरलेली बादली ओढताना माणूस हात बदलायला मधेच थांबतो ना, तसा. आवाज चौकाच्या बाजूनं, बंद खिडकीच्या पलीकडून येत होता. ती खिडकी वेवाच्या आईनं फार पूर्वी आतून फळ्या मारून, खिळे ठोकून बंद केली होती. उन्हाळ्यात उकडून जीव जायचा, पण आईनं शेवटपर्यंत ती उघडू दिली नाही. धूळ येते म्हणायची.

रहाट असायला विहीर हवी. पोसो सेको ह्या गावाच्या नावाचा अर्थच मुळी कोरडी विहीर, आणि गावात तीसुद्धा नाही. शेजारच्या चोलेच्या दुकानाची पाटी हलत असेल, वेवानं स्वतःला समजावलं. नाहीतर शाळेतला झोपाळा. चमचा काकांच्या तोंडात तसाच ठेवून ती दारात जाऊन उभी राहिली. पाटी हलत नव्हती. दारापुढे सकाळी पसरलेल्या झेंडूच्या पाकळ्या जिथल्या तिथे होत्या. वाऱ्याचा पत्ता नव्हता.

ती परत आली तर काकांनी चमचा दातांत धरला होता. सोडवायला गेली तर सुटेना. त्यांचा डावा डोळा त्या खिळे ठोकलेल्या खिडकीवर खिळला होता. शेवटी तिनं दोन्ही गाल दाबून चमचा ओढून काढला, तेव्हा त्याच्याबरोबर रक्त आलं आणि एका दाताचा तुकडा.

"काय हे काका! पेज आहे, हाड नाही," ती म्हणाली.

२

पंचावन्न वर्षांपूर्वी ग्रिंगोंची, म्हणजे अमेरिकन गोऱ्यांची, सिनेमा कंपनी इथे आली आणि तिनं उघड्या माळावर आख्खं गाव उभं केलं. बँक, दारूचा गुत्ता, तुरुंग, चर्च, मधे चौक आणि चौकात दगडी कठड्याची विहीर. विहीर म्हणजे दोन पुरुष खोल खड्डा आणि वर लाकडी रहाट. पाण्याचा टिपूस नाही. सिनेमात दरोडेखोर येतात आणि सगळं गाव मारून टाकतात. मरायला माणसं लागतात, ती आसपासच्या वस्त्यांवरून मिळाली. कंपनी गेली, खड्डा बुजवून त्यावर बँडवाल्यांसाठी चौथरा बांधला गेला, आणि लोक आपली गळकी घरं सोडून सिनेमाच्या घरांत राहायला आले. वेवा राहते ती बँक. चोले राहते तो गुत्ता. दारू आजही तिथेच मिळते, त्यामुळे तिला फारसं काही बदलावं लागलं नाही.

पिक्चर जगभर गाजला. शिकलेली माणसं त्यावर जाडजाड पुस्तकं लिहितात, मधूनच एखादा प्राध्यापक येऊन वेवाच्या दाराचा फोटो काढतो. गावात मात्र त्याला नाव नाही. नुसतं ‘पिक्चर’. दर वर्षी दोन नोव्हेंबरला, पितरांच्या दिवशी, दफनभूमीत फुलं घेऊन जाण्याआधी सगळ्यांनी तो एकत्र बसून पाहायचा. आपली मेलेली माणसं त्यात जिवंत दिसतात. घटकाभर चालतात, हसतात, ओझी उचलतात. मग त्यांना गोळी लागते.

माणूस पडद्यावर पडला की त्याच्या घरचं कोणीतरी त्याचं नाव पुकारतं, आणि बाकीचे सगळे एका सुरात म्हणतात, "इथंच आहे!" ही गावाची रीत. अट एकच, ज्याचं नाव घ्यायचं तो खरोखर मेलेला हवा. जिवंत माणसाचं नाव त्या वेळी पुकारलं तर तो वर्षाच्या आत जातो, ह्यावर पाद्रीबुवांपासून दारुड्यांपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. सुरुवातीला म्हणे पडद्यावर धडाधड माणसं मरायची आणि हॉल गप्प असायचा. मेलेले लोक बाकांवर बसून भोपळ्याच्या बिया फोडत असायचे. वर्षं गेली तसा आवाज वाढत गेला. आता एक्केचाळीस माणसं पडतात आणि चाळीस नावं पुकारली जातात.

उरलेला एक म्हणजे मेलेसिओ आरियागा, वेवाचा बाप. तो विहिरीपाशी पडतो. तिथे कोणी चकार शब्द काढत नाही, कारण मेलेसिओ मेला नाही, उत्तरेला अमेरिकेत पळाला. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी इलारियोनं त्याची टोपी हातात घेऊन दारात येऊन सांगितलं होतं, "ओतिलियावहिनी, गेला तो. कंपनीच्या ट्रकमधून. मी अडवलं, ऐकलं नाही."

पुढे सात वर्षांनी वहिनीची बायको झाली.

३

वेवानं पिक्चर पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाबा बादली घेऊन विहिरीकडे चालत येतो, मागून घोडेस्वार येतो, ठो करतो, आणि बाबा धप्पकन पडतो. पडताना त्याची हनुवटी कठड्यावर आपटते. वेवा खो खो हसली होती. मग बाबाजवळ एक कुत्रा येतो, त्याला हुंगतो आणि शेजारी बसतो. "कानेलो! आमचा कानेलो!" ती बाकावर उभी राहून ओरडली. आईनं तिला खाली ओढून एक सणसणीत ठेवून दिली. त्यानंतर आई कधीच पिक्चरला आली नाही.

तेविसाव्या वर्षी, नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून पाहिला तेव्हा वेवाचं सगळं लक्ष नायकाकडे. बाप दिसला तेव्हा फक्त मनात आलं, मेला किती देखणा होता! चाळिशीत, पोरगा शाळेत आणि नवरा दारूत, तेव्हा ती गर्दीतल्या बायका पाहायची. बापाला पाहून तिच्या दाढा एकमेकींवर आवळायच्या. पळ काढणारे सगळे सारखेच, असं म्हणून हॉलच्या बाहेर जाऊन ती थुंकून यायची. पन्नाशी उलटल्यावर एका वर्षी अचानक तिच्या ध्यानात आलं, की हा एकतीस वर्षांचा आहे. पोरगाच की! कानामागे अजून तारुण्यपिटिका. तिला माया आली आणि त्या मायेचा राग आला. पण थुंकली ती त्याही वर्षी.

आणि दर वर्षी काकांची ती गंमत. गाव मारून झाल्यावर दरोडेखोर प्रेतं ओढत आणतात आणि विहिरीत टाकतात. प्रेतं कसली, पेंढ्याचे बाहुले. गावातल्या बायकांनीच जुन्या सदऱ्यांत पेंढा भरून शिवलेले, ओतिलियानंही त्यातले चार शिवले होते. बाकीचे दरोडेखोर बाहुले उचलतात आणि उशी फेकावी तसे फेकून मोकळे होतात. त्यांच्यातलाच एक झालेला इलारियो मात्र आपला बाहुला काखेत हात घालून मागे मागे ओढत आणतो, धापा टाकतो, कठड्यावर चढवताना त्याचे गुडघे वाकतात. इथे सगळा हॉल टाळ्या वाजवतो.

"वा रे इलारियो! पेंढासुद्धा जड करून दाखवला पठ्ठ्यानं!"

आधी कोणी म्हटलं कोण जाणे, पण पंचावन्न वर्षं तेच वाक्य, त्याच जागी. आणि काका दर वर्षी उठून टोपी उंचावायचे.

४

दीड वर्षापूर्वी, एप्रिलमध्ये, वेवा हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात एफ्रेनचा डबा घेऊन गेली होती. बीन्स भरलेल्या गोर्दिता, मक्याच्या जाड भाकऱ्या, वर चटणी. एफ्रेन, तिचा एकुलता एक मुलगा, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. तिला पाहून तो हसून उठला. एक पिकअप थांबली. उतरलेल्या माणसानं नाव विचारलं, एफ्रेननं सांगितलं, आणि माणसानं तीन गोळ्या घातल्या. नाव चुकीचं होतं म्हणे. दुसराच कोणी हवा होता.

त्यानंतर दीड वर्ष वेवा एकच गोष्ट पाहत आली. तव्यावर तोर्तिया टाकताना, अंगण झाडताना, डोळे मिटल्यावर. एफ्रेन कसा पडला, ती गोष्ट.

सिनेमात गोळी लागलेला माणूस हात वर फेकतो, गर्रकन फिरतो, छाती धरतो. एफ्रेननं ह्यातलं काही केलं नाही. त्याच्या गुडघ्यांतलं काहीतरी काढून घेतल्यासारखा तो होता तिथे खचला आणि पुढे आला. आणि त्याचे हात पुढे आले नाहीत. साधी ठेच लागली तरी माणसाचे हात पुढे येतात. नुकतं उभं राहायला लागलेल्या पोराचेसुद्धा येतात. तोंड वाचवायचं हे अंगाला शिकवावं लागत नाही. एफ्रेनचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले आणि तो सगळ्या वजनानिशी तोंडावर, खडीवर आला. दात फुटल्याचा आवाज तिनं ऐकला. त्याला उलटा करून मांडीवर घेतलं तेव्हा जबडा एका बाजूला गेला होता आणि तिच्या ओच्यात गरम रक्त साचत होतं, थांबतच नव्हतं.

गेल्या वर्षी ती पिक्चरला गेली नाही. चोले न्यायला आली होती, तिला तिनं दारातूनच परत पाठवलं.

५

ह्या वर्षी चोलेनं विचारलंच नाही. साडेतीनला आली आणि काकांची चाकांची खुर्ची सरळ दाराबाहेर काढली.

"चल गं. तू नाही आलीस तर ह्या हिरोला टोपी कोण घालणार? गावाला दुसरं काय आहे? एक पिक्चर आणि माझी दारू."

"तुझी दारू आधी," वेवा म्हणाली आणि शाल घेतली.

चौथऱ्याजवळून जाताना काकांचा डावा पाय खुर्चीच्या फळीवरून घसरला आणि जमिनीला घासत, अडत राहिला. दोनदा उचलून ठेवला, दोनदा घसरला. वेवाला वाटलं की मुद्दाम करताहेत. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

पिक्चरमधलं चर्च हाच गावाचा हॉल. खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या, भर दुपारीही आत गडद काळोख होता. निवृत्त मास्तर तिबुर्सिओ यंत्राशी खटपट करत होते. पूर्वी रिळं असायची, आता एक चकती. काकांना नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. शेजारी वेवा, तिच्या पलीकडे चोले.

गोळीबार सुरू झाला. पहिला पडला तो लोहार.

"फिदेन्सिओ मोंतेस!" मागून म्हातारा आवाज आला.

"इथंच आहे!"

वेवा चेहरे पाहत नव्हती. ती हात पाहत होती. लोहारानं पडताना कोपर टेकलं. पाववाल्यानं तळवे टेकले, मग आडवा झाला. चोलेचा बाप गुत्त्याच्या छपरावरून खालच्या गवतात पडला, तेव्हा एक हात पुढे आणि दुसरा डोक्यावरची टोपी सांभाळायला.

"अनास्तासिओ लुना!" चोले ओरडली आणि हळूच वेवाला म्हणाली, "बघ मेल्याला! मरताना पण टोपी सोडली नाही."

"इथंच आहे!"

एकामागून एक. मुलगे, बाप, आजे. रस्ता रक्तानं लाल झाला होता, घोडे प्रेतांवरून जात होते, एक बाई केसांना धरून फरफटत नेली जात होती. आणि सगळ्यांचे हात पुढे येत होते. खोटं आहे, सगळं खोटं आहे, ह्या विचारानं वेवाला दीड वर्षात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. कोणी मेलं नव्हतं. संध्याकाळी सगळे उठून, कपडे झटकून घरी गेले होते.

मग मेलेसिओ बादली घेऊन चालत आला. त्याच्या पायाशी कानेलो. मागून घोडेस्वार आला, तोंडावर रुमाल, पण घोड्याचा पांढरा पाय सगळं गाव ओळखत होतं. इलारियोनं हात लांब केला आणि पाठीत गोळी घातली.

मेलेसिओचे हात पुढे आले नाहीत.

गुडघे गेले, आणि तो खचून पुढे आला, हात दोन्ही बाजूंना लोंबते. हनुवटी कठड्याच्या दगडावर आदळली. मान मागे गेली. तोंडातून काहीतरी बारीक पांढरं उडालं. दगडावरून एक काळी रेघ खाली उतरू लागली. हॉलमध्ये कोणी नाव घेतलं नाही. घ्यायचं नसतंच. कानेलो आला, हुंगला, बसला.

वेवाला वाटलं की आपण ओरडलो. पण चोले बिया फोडत होती.

नाही, ती मनाशी म्हणाली. हे माझं दुःख आहे. पोटचा पोर गेलेली बाई सगळीकडे तेच पाहणार. बाबा गेला तो ट्रकमधून गेला. काकांनी पाहिलं.

काकांनी एकट्यानंच पाहिलं.

पडद्यावर आता प्रेतं ओढत होते. एक बाहुला उडत गेला, दुसरा गेला, त्यांचे पाय हवेत कसेही वळत होते. मग इलारियो आला. काखेत हात घालून तो मागे मागे ओढत होता. ओढलेल्याच्या टाचा जमिनीवर दोन खोल रेघा काढत येत होत्या. पेंढ्याच्या टाचांनी रेघ उमटत नाही, हे चार बाहुले शिवलेल्या बाईच्या मुलीला कळायला त्रेसष्ट वर्षं लागली. कठड्यावर चढवताना इलारियोचे गुडघे वाकले. रुमालाच्या वर त्याचे डोळे दिसत होते आणि त्या डोळ्यांत कष्ट होते. खोटे नव्हेत.

"वा रे इलारियो!" हॉल गरजला. "पेंढासुद्धा जड करून दाखवला पठ्ठ्यानं!"

टाळ्यांचा पाऊस पडला. अंधारात काकांच्या डाव्या हातानं वेवाचं मनगट पकडलं. त्या हातात इतकी ताकद उरली असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

६

ह्यानंतर घोडेस्वार डोंगराकडे निघून जातात. सगळ्यांना तोंडपाठ आहे.

घोडेस्वार आले नाहीत. पडद्यावर विहीरच होती. कठडा, कठड्याशी कुत्रा, वर रहाट आणि विहिरीत लोंबणारा दोर. टाळ्या विरत गेल्या.

"हा भाग एवढा लांब होता का गं?" चोलेनं विचारलं.

"मास्तर, अडकलं वाटतं!" मागून कोणीतरी म्हणालं.

"अडकलं असतं तर कुत्र्याचे कान हलले असते का?" तिबुर्सिओ म्हणाले. त्यांचा आवाज बरा नव्हता. "मी हात लावलेला नाही बाबांनो कशालाच."

रिळं असती तर वेवानं मनाला सांगितलं असतं की तुटलं असेल, भलतंच जोडलं असेल. चकतीत कोण काय जोडणार?

दोर ताठ झाला.

कुर्र, रहाट म्हणाला. सकाळचाच आवाज, तोच थांबा. बादली ओढताना हात बदलावा, तसा. पण कठड्याशी ओढणारं कोणी नव्हतं. दोर आपला आपण वर येत होता, खालून कोणीतरी त्याला धरून चढत असावं तसा. मागे एक पोर रडू लागलं आणि त्याचं तोंड दाबलं गेलं.

आईला ऐकू येत होतं, हे वेवाला त्या क्षणी कळलं. आई रोज ऐकत होती. म्हणून ते खिळे. तिनं ह्याच माणसाच्या ताटात वाढलं, ह्याच्या शेजारी झोपली आणि खिडकीला फळ्या मारल्या. आणि लेकीला वर्षानुवर्षं बापाच्या नावानं थुंकू दिलं.

मनगटाचं हाड कडकडू लागलं होतं. वेवानं मान वळवली. पडद्याच्या उजेडात काकांचा डावा डोळा तिच्याकडे पाहत होता. त्यात पाणी होतं. नको, म्हणत होता तो डोळा. चपला दिल्या तुला. शाळेत घातलं. नको गं पोरी.

आणि खरंच, समजा तिचंच चुकलं असलं तर? समजा उत्तरेत कुठल्यातरी गावी शहाऐंशी वर्षांचा एक म्हातारा आत्ता बाकावर ऊन खात बसला असेल, तर तिच्या एका हाकेनं तो मरायचा होता. पण त्याचे हात पुढे आले नव्हते. तिनं पाहिलं होतं. हे पाहायला शिकण्यासाठी तिनं पोटच्या पोराची किंमत मोजली होती.

तिनं काकांची बोटं एकेक करून मनगटावरून उलगडली. शेवटचं सुटेना, ते मागे वाकवलं. मोडल्याचा आवाज आला. मग ती उभी राहिली.

"मेलेसिओ आरियागा!"

अख्ख्या गावाची जीभ टाळ्याला चिकटली होती. चोलेनं तिची शाल ओढली, "वेवा, वेडी झालीस का, जिवंत माणसाचं…"

"मेलेसिओ आरियागा!" वेवा पुन्हा ओरडली. "माझा बाप!"

"इथंच आहे."

आवाज तिच्या शेजारून आला. खुर्चीतून. काकांचं तोंड उघडं होतं, पण आवाज काकांचा नव्हता. तो तरुण होता, थोडा घोगरा, घशात धूळ गेल्यासारखा. ह्याच आवाजानं तिच्या लहानपणी रोज संध्याकाळी कोणीतरी माळावर कानेलोला हाका मारायचं.

आणि इलारियो बार्रासा खुर्चीतून उठला. दोन वर्षं मेलेल्या त्या उजव्या पायावर तो सरळ उभा राहिला, पडद्याकडे पाठ करून. त्याच्या मागे रहाट एकदा फिरला आणि थांबला.

मग त्याचे गुडघे गेले. हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. पहिल्या बाकाच्या कडेवर त्याची हनुवटी आदळली, मान मागे गेली, आणि सकाळी फुटलेल्या दाताशेजारचे दोन दात वेवाच्या पायाशी येऊन पडले.

एकच कल्लोळ झाला. लोक दाराकडे धावले, कोणी घोंगड्या ओढायला गेले, कोणी देवाचा धावा करू लागले. वेवा गुडघ्यांवर बसली. पांढऱ्या सदऱ्यावर, पाठीत, डाव्या खांद्याच्या खाली करंगळी जाईल एवढं भोक होतं. भोवताली कापड काळं झालं होतं आणि त्यातून रक्त हळूहळू, एका लयीत बाहेर येत होतं. हॉलमध्ये गोळीचा आवाज कोणीच ऐकला नव्हता. तिनं अंगावरची शाल काढली आणि त्याच्यावर घातली, भोक झाकेल अशी.

"देव भलं करो तुझं," चोले रडत म्हणाली. "शेवटपर्यंत केलंस त्याचं."

यंत्र बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि वेवा पडद्याकडे पाहत होती.

विहिरीचा दोर सैल पडला होता. कठड्यावर, त्या काळ्या रेघेच्या बाजूला, दोन ओल्या हातांचे ठसे होते. माणूस कोणी दिसत नव्हता. कानेलो मात्र मान वर करून कोणाकडे तरी पाहत होता. तो उठला. त्याची शेपटी हलू लागली, मग मागचं अंगच डुलायला लागलं. तो पुढे धावायचा, थांबून मागे वळून पाहायचा, पुन्हा धावायचा. असं करत त्यानं चौक ओलांडला आणि बँकेपाशी गेला. तिथल्या खिडकीवर पुढचे पाय टेकून तो आत डोकावू लागला.

पडद्यावर ती खिडकी उघडी होती.

वेवा उठली. घोंगड्या निघाल्या होत्या, बाहेर ऊन होतं, लोक तिला कुठे निघालीस म्हणून विचारत होते. ती थांबली नाही. पकड कुठे ठेवलीय ते तिला ठाऊक होतं, स्वयंपाकघरात, पेजेच्या पातेल्यामागे. घरी जाऊन आधी ते खिळे काढायचे होते.